बी नसलेल्या फुलाचा वारसा

एखाद्या वस्तूवर आपला जीव जडतो तो ती सुंदर आहे म्हणून, की ती दुसऱ्या कोणापाशी नाही म्हणून? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देताना मनुष्य अडखळतो. सुंदर वस्तू जवळ असल्याचा आनंद आणि ती केवळ आपल्याच जवळ असल्याचा आनंद, हे दोन्ही मनात असे मिसळून राहतात की त्यांना वेगळे करणे ज्याचे त्यालाही जमत नाही. जमीनजुमला, दागदागिने, मानमरातब यांच्या संदर्भात या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्हाला मात्र आज तो एका लहानशा, दूरदेशीच्या आणि वरवर पाहता अगदी निरुपद्रवी अशा छंदाच्या आधारे वाचकांपुढे मांडावासा वाटतो. थंड प्रदेशातील रानांच्या तळाशी उगवणाऱ्या फुलझाडांचे दुर्मिळ दुहेरी प्रकार जमवणे आणि वाढवणे, हा तो छंद.

उत्तर अमेरिकेचा पूर्व भाग, इंग्लंड व युरोपचा मोठा टापू, तसेच जपानचा बर्फाळ पश्चिम किनारा येथे पानझडी अरण्ये आहेत. हिवाळ्यात ती उघडीबोडकी असतात. बर्फ वितळल्यापासून झाडांना दाट पालवी फुटेपर्यंत जे थोडे आठवडे मिळतात, तेवढ्याच अवधीत सूर्यप्रकाश थेट जमिनीपर्यंत पोचतो. या संधीचा लाभ घेऊन काही चिमुकली झाडे पाचोळ्यातून वर येतात, फुलतात, बी धरतात, आणि वरचे छत मिटले की त्यांतील कित्येक पुन्हा जमिनीत गुडूप होतात. स्नोड्रॉप, प्रिमरोझ, वुड ॲनिमोनी, ट्रिलियम, हेपॅटिका, ब्लडरूट ही त्यांची नावे. आपल्या किनारपट्टीच्या उष्ण हवेत ही झाडे तग धरणार नाहीत, कारण त्यांना वर्षातून काही महिने खरी थंडी लागते. आमचाही त्यांच्याशी परिचय ग्रंथांतून आणि चित्रांतूनच झालेला आहे.

दुहेरी फूल मात्र आपल्या वाचकांना अपरिचित नाही. अंगणातील साधी तगर पाच पाकळ्यांची, तर दुसरी गच्च भरलेली. मोगऱ्यातही एकेरी आहे आणि पाकळ्यांच्या थरांनी गोल झालेला बटमोगरा आहे. निशिगंधाची एकेरी फुले हारासाठी खुडतात आणि 'डबल' जातीचे दांडे फुलदाणीसाठी जातात, हे आपल्या फूलबागाईतदारांना सांगायला नको. हाच प्रकार त्या दूरच्या रानांतील फुलांतही क्वचित घडतो. हजारो एकेरी रोपांच्या मेळ्यात एखादेच रोप असे निघते की ज्याच्या फुलात पाकळ्यांवर पाकळ्या रचलेल्या असतात.

हे घडते कसे? सामान्य फुलात बाहेरून आत अशी चार वर्तुळे असतात: निदल, पाकळ्या, पुंकेसर आणि मध्यभागी स्त्रीकेसर. एन्रिको कोएन आणि इलियट मायरोविट्झ या दोन शास्त्रज्ञांनी १९९१ साली दाखवून दिले की जनुकांचे तीन गट मिळून कोणत्या वर्तुळात काय व्हावे हे ठरवतात. त्यांपैकी ज्या गटाकडे पुंकेसर व स्त्रीकेसर घडवण्याचे काम असते तो निकामी झाला, की पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात आणि फुलाच्या मध्यभागी जणू दुसरे फूल सुरू होते. अमेरिकेच्या रानातील रू ॲनिमोनी नावाच्या नाजूक रोपाच्या दुहेरी पांढऱ्या प्रकाराचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या गटातील एका जनुकाच्या मधोमध परका तुकडा घुसून ते बिघडल्याचे आढळले. म्हणजे ज्याला आपण वैभव म्हणतो ते मुळात एक वैगुण्य आहे. पाकळ्या वाढल्या त्या पुंकेसर आणि स्त्रीकेसर गमावून. पूर्ण दुहेरी फुलात पराग नाही, बीजकोश नाही, म्हणून बी नाही.

याच कारणाने विचारवंतांनी या फुलांना फारसे प्रेमाने वागवलेले दिसत नाही. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५१ च्या आपल्या ग्रंथात दुहेरी फुलांची गणना अनैसर्गिक, विकृत अवस्थांमध्ये केली. तत्त्वज्ञ रूसो याने १७७१ पासून एका परिचित मातेला, तिच्या मुलीला वनस्पतिशास्त्र शिकवता यावे म्हणून, काही सुंदर पत्रे लिहिली. त्यात त्याने बजावले की दुहेरी फुलांच्या वाटेला जाऊ नये. माणसाने आपल्या आवडीप्रमाणे नटवलेल्या त्या फुलांत निसर्ग भेटत नाही आणि निसर्ग त्यांना संततीही देत नाही. कवी गटे याने मात्र १७९० साली या फुलांकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. पुंकेसराची पाकळी होऊ शकते याचा अर्थ दोन्ही मुळात एकाच अवयवाची रूपे आहेत, असे त्याने ओळखले. ज्याला इतरांनी विकृती म्हणून बाजूला सारले, त्यातच त्याला फुलाच्या रचनेचे रहस्य दिसले. दोनशे वर्षांनी जनुकशास्त्राने त्याच्या निरीक्षणाला पुष्टी दिली. तुटलेल्या वस्तूकडे तिरस्काराने न पाहता लक्षपूर्वक पाहिले तर ती अखंड वस्तूविषयीही काही सांगते, एवढा बोध यातून घेण्यास हरकत नाही.

आता आपण एका विशिष्ट फुलाकडे वळू. ब्लडरूट, आपल्या शब्दांत रक्तमूळ, ही पूर्व अमेरिकेच्या रानातील वनस्पती. तिचे जमिनीतले आडवे खोड मोडले की तांबूस नारिंगी चीक येतो, म्हणून हे नाव. फूल शुभ्र पांढरे. पण त्याचे आयुष्य फार थोडे, एकदोन दिवसांचे. मधमाशी येऊन गेली की पाकळ्या गळतात. मागे राहते ती शेंग, आणि शेंगेतील प्रत्येक बीला चिकटलेला एक स्निग्ध, खाण्याजोगा लहान भाग. त्याच्या लोभाने मुंग्या ते बी वारुळात ओढून नेतात, खाण्याचा भाग संपवतात आणि बी तेथेच टाकून देतात. तेथे नवे रोप उगवते. रक्तमूळच नव्हे, तर ट्रिलियम, स्नोड्रॉप, हेपॅटिका यांचाही प्रसार असाच मुंग्यांच्या पायांनी होतो.

१९१६ साली ओहायो राज्यातील डेटन या शहराच्या परिसरात गीडो फोन वेबर्न या गृहस्थांना रक्तमुळाचे एक दुहेरी रोप सापडले. त्याचे फूल जणू लहानसे पांढरे कमळ. पुंकेसर नाही, स्त्रीकेसर नाही, नुसत्या पाकळ्या. फलन होण्याचा प्रश्नच नसल्यामुळे ते एकेरी फुलापेक्षा कितीतरी अधिक दिवस टिकते. परंतु त्याला बी येत नाही आणि बी नाही म्हणून मुंगीही त्याच्याकडे फिरकत नाही. रानात ते तसेच राहिले असते, तर फार तर आपल्या जागी थोडे पसरले असते, आणि एखादे झाड उन्मळून पडले किंवा एखाद्या रानडुकराने जमीन उकरली की त्याचा वंश संपला असता. तसे झाले नाही. त्याचे खोड जमिनीतून काढून, तुकडे करून एकाने दुसऱ्याला दिले, दुसऱ्याने तिसऱ्याला. आज अमेरिका, युरोप आणि जपान येथील बागांतून जे दुहेरी रक्तमूळ फुलते, ते त्याच एका रोपाची वाटणी असल्याचे मानले जाते. ती त्याची संतती नव्हे. ते तेच रोप आहे, शंभराहून अधिक वर्षे हातोहात चालत आलेले.

येथे माणसाने मुंगीचे काम पत्करले आहे, आणि आमच्या मते या छंदाचे सारे नैतिक मर्म याच गोष्टीत आहे. एकेरी फुलाला माणसाची गरज नाही. आपण त्याचा संग्रह केला काय, न केला काय, त्याचे रान शाबूत असेल तर ते आपला संसार आपण चालवते. दुहेरी फूल मात्र सर्वस्वी कोणाच्या तरी हातावर अवलंबून आहे. ज्याच्या बागेत ते आहे तो त्याचा मालक म्हणवतो, पण त्याची खरी भूमिका वाहकाची आहे. पालखीचा भोई वाटेत थांबून पालखी आपलीच म्हणू लागला, तर ती पुढच्या गावी पोचणार नाही.

यावर एखादा संग्राहक म्हणेल, 'मी ते जपतो आहे. वाटत सुटलो तर अजाण हातांत पडून ते मरेल. माझ्या कुंपणाआड ते सुरक्षित आहे.' या युक्तिवादात तथ्य आहे. कोणाच्याही हातात काहीही द्यावे असे आम्हीही म्हणणार नाही. ज्याला पाणी घालण्याचीही सवय नाही त्याला दुर्मिळ रोप देणे हे औदार्य नव्हे, तो निष्काळजीपणा आहे. परंतु कुंपणाच्या आतही मृत्यू येतो. एका वर्षीचा महापूर, एक बुरशी, मालकाचे एक दीर्घ आजारपण एवढे पुरे होते. आणि मालक गेल्यावर? वारसांना त्या पाचोळ्याखाली काय निजले आहे याची कल्पना नसते. वर्षातील कित्येक महिने ही झाडे जमिनीवर दिसतही नाहीत. नव्या मालकाची कुदळ पडते आणि शंभर वर्षांचा प्रवास एका दुपारी संपतो.

रक्तमुळाच्या बाबतीत तर रोप स्वतःच साक्ष देते. दुहेरी रक्तमुळाचा गड्डा वर्षानुवर्षे न हलवता तसाच ठेवला, तर आडव्या खोडांची दाटी होते, आणि दाटीत कूज शिरली की भरघोस दिसणारा गड्डा एकाएकी बसतो. म्हणून अनुभवी माळी सांगतात की काही वर्षांनी तो उकरावा, सोडवावा, निरोगी तुकडे निराळ्या जागी लावावेत. एका घरी एवढे तुकडे लावायला जागा नसते, तेव्हा ते शेजाऱ्याला द्यावेच लागतात. मेणबत्तीने मेणबत्ती पेटवली तर पहिलीचे काही उणे होत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. येथे तेवढे सोपे नाही. येथे सुरी चालवावी लागते, हात लाल होतात, आणि त्या वर्षी आपला गड्डा खरोखरच लहान होतो. देण्याची किंमत येथे दिसते. पण न देण्याची किंमत त्याहून मोठी आहे, एवढेच.

जे या मार्गाने गेले त्यांची उदाहरणे बागकामाच्या इतिहासात आहेत. इंग्लंडमध्ये एन्फील्ड येथील मिडल्टन हाऊसमध्ये ई. ए. बोल्स (१८६५–१९५४) नावाचे एक गृहस्थ राहत. तरुणपणी त्यांना अँग्लिकन चर्चमध्ये धर्मगुरू व्हायचे होते. पण एक भाऊ आणि एक बहीण क्षयाने गेली आणि आईवडिलांसाठी ते घरीच राहिले. आयुष्यभर अविवाहित राहिलेल्या या मनुष्याने गावातील गरीब मुलांना जमवून शिकवले, आणि बागेत देशोदेशीची झाडे वाढवली. बागेच्या एका कोपऱ्याला ते विनोदाने 'वेड्यांचे इस्पितळ' म्हणत. पिळवटलेल्या फांद्यांची हेझल आणि अशीच इतर विचित्र, नियमाबाहेरची झाडे तेथे सुखाने नांदत. इतर माळी ज्यांना उपटून टाकतील त्यांना तेथे आसरा होता. आणि ज्याने काही मागितले तो रिकाम्या हाताने परतला नाही अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी कितीतरी झाडे आज जगभर आहेत, ती यामुळेच.

सॉमरसेटमधील ईस्ट लॅम्ब्रुक येथे मार्जरी फिश (१८९२–१९६९) या बाईंनी चाळिशी उलटल्यावर बागकामास आरंभ केला. खेड्यापाड्यांतील झोपड्यांच्या अंगणांत पिढ्यान्पिढ्या राहिलेली जुनी झाडे त्या काळी नाहीशी होत चालली होती. त्यांत प्रिमरोझचे दुहेरी प्रकारही होते. जॉन जेरार्डच्या १५९७ च्या वनस्पतिग्रंथात दुहेरी पांढऱ्या प्रिमरोझची नोंद आहे; म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही लोक ते हौसेने लावत. मार्जरीबाईंनी ही झाडे शोधून आणली, जोपासली, त्यांच्याविषयी लिहिले आणि ती इतरांपर्यंत पोचवली. ही फुले मोठमोठ्या उद्यानांनी नव्हे, तर ज्यांच्यापाशी अंगणाच्या एका पट्टीपलीकडे काही नव्हते अशा घरांनी इतकी वर्षे जगवली होती, हे येथे ध्यानात घ्यावे.

वाचकांच्या मनात एक शंका आली असेल. जे फूल स्वतःहून वंश चालवू शकत नाही, मधमाशीला मध देत नाही, मुंगीला बी देत नाही, ते जगवण्याचा एवढा अट्टहास का? आम्ही स्वतः ब्रह्मचर्यव्रती धर्मगुरू. तेव्हा वांझपणाच्या या आक्षेपाकडे आम्ही थोड्या आस्थेने पाहिले तर वाचकांनी हसू नये. वुड ॲनिमोनीच्या एका दुहेरी पांढऱ्या प्रकाराला माळ्यांनी 'व्हेस्टल' असे नाव दिले आहे. प्राचीन रोममध्ये व्हेस्टा देवतेच्या मंदिरातील अग्नी सांभाळणाऱ्या कुमारिकांना व्हेस्टल म्हणत. त्यांना मुलेबाळे नसत. अग्नी विझू न देता पुढच्या पिढीच्या स्वाधीन करणे एवढेच त्यांचे काम. निष्फळ म्हणजे निरर्थक नव्हे, हे त्या नाव देणाऱ्याने जाणले असावे. प्रत्येक वस्तूने आपल्यासारखीच दुसरी वस्तू निर्माण केली तरच तिचे असणे सार्थ, असा नियम लावला तर आपल्या घरांतील आणि गावांतील कितीतरी प्रिय माणसे आपल्याला हिशेबातून वगळावी लागतील. अपत्य नसलेली मावशी, अविवाहित शिक्षक, धर्मभगिनी यांच्यावाचून कोणते घर, कोणता धर्मग्राम घडला आहे?

शिवाय निष्फळपणाही आपण समजतो तेवढा पूर्ण नसतो. जपानमधील निगाता भागात हेपॅटिकाला 'युकिवारिसो', म्हणजे बर्फ फोडून येणारे रोप, म्हणतात. तेथील माळ्यांनी तिच्या दुहेरीपणाच्या पायऱ्यांना निरनिराळी नावे दिली आहेत. एका प्रकारात पुंकेसरांच्या पाकळ्या होतात, पण स्त्रीकेसर शाबूत राहतात, म्हणून बी धरता येते. 'सेंजु' म्हणजे सहस्रपदरी, हा शेवटचा प्रकार. त्यात सारेच पाकळ्या झालेले असते. स्नोड्रॉपच्या दुहेरी प्रकाराला बी येत नाही, पण कधीकधी थोडे पराग मिळतात. नॉरफोकमधील हेरिक ग्रेटोरेक्स यांनी १९४० च्या दशकात ते पराग दुसऱ्या जातीच्या स्नोड्रॉपला लावून नवे दुहेरी प्रकार निर्माण केले आणि त्यांना ओफेलिया, डेस्डेमोना, कॉर्डिलिया अशी शेक्सपिअरच्या नायिकांची नावे दिली.

प्रिमरोझची कथा तर अधिकच बोलकी आहे. तिचा दुहेरीपणा सुप्त राहणारा गुण आहे. दुहेरीचे पराग एकेरीला लावले तर पहिल्या पिढीची सारी रोपे एकेरीच निघतात. अधीर माणूस येथेच निराश होऊन ती फेकून देईल. पण त्याच साध्या दिसणाऱ्या रोपांचा आपसांत संकर केला, तर पुढच्या पिढीत सरासरीने चारांत एक दुहेरी निघते. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात १९३० च्या दशकात बार्नहेवन ही प्रिमरोझची रोपवाटिका उभारणाऱ्या फ्लॉरेन्स बेलिस यांनी पराग कुंचल्याने हाताने लावत, वर्षानुवर्षे वाट पाहत दुहेरी प्रिमरोझची बियांपासून वाढणारी घराणी तयार केली. १९६६ मध्ये त्यांनी आपला सारा ठेवा इंग्लंडमधील एका जोडप्याकडे सोपवला. पुढे तो फ्रान्समध्ये गेला आणि अजूनही फुलतो आहे. मुलांत न दिसलेला गुण नातवंडांत उमलतो, हे आपल्या घरांतही आपण पाहतोच.

तरीही प्रत्येक नवलाईला देणगी समजण्याची घाई करू नये. अमेरिकेतील मोठ्या पांढऱ्या ट्रिलियमच्या पाकळ्यांवर कधीकधी हिरवे पट्टे उमटतात आणि फुलाचा आकार चमत्कारिक होतो. एके काळी अशा रोपांना निराळे प्रकार समजून नावे दिली गेली, हौशी लोकांनी ती रानातून आणली. नंतर कळले की तो फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म जीवाचा रोग आहे. रोप वर्षागणिक खंगत जाते आणि बागेतील इतर रोपांनाही धोका संभवतो. याउलट ट्रिलियमचा खरा दुहेरी प्रकार निरोगी असतो, जोमाने वर्षानुवर्षे फुलतो. वेगळेपण आणि व्याधी या दोहोंतील भेद पहिल्या दृष्टीस कळत नाही. काही वर्षे पाहावे लागते. वेगळे रोप स्वतः बळावते आहे की खंगते आहे, शेजाऱ्याला सुखाने राहू देते आहे की नाही, यावरून निर्णय करावा लागतो. माणसांच्या बाबतीतही घाईने शिक्का मारण्यापूर्वी एवढी कसोटी लावली, तर पुष्कळ अन्याय टळतील.

मग या छंदात पाप कोठे शिरते? ते दुर्मिळतेच्या मोहातून शिरते. स्नोड्रॉप हे इंग्लंडमध्ये जुन्या मठांच्या आवारांशी आणि २ फेब्रुवारीच्या प्रभूच्या समर्पणाच्या सणाशी निगडित असलेले फूल. त्या दिवशी मेणबत्त्या आशीर्वादित करतात, आणि त्याच सुमारास ते बर्फातून वर येते. म्हणून त्याला मेणबत्तीच्या सणाची घंटा असेही नाव पडले. इतके साधे, इतके भाविकांचे फूल. पण त्याच्या वेगळ्या प्रकारांचे वेड वाढत गेले. २०१२ साली एका पिवळसर एकेरी प्रकाराचा एक कंद ७२५ पौंडांना विकला गेला, २०१५ साली 'गोल्डन फ्लीस' या प्रकाराचा एक कंद १,३९० पौंडांना, आणि २०२२ साली 'गोल्डन टिअर्स' याचा १,८५० पौंडांना. बागांतून कंद चोरीला जाऊ लागले. तुर्कस्तानच्या डोंगरांतून साध्या स्नोड्रॉपचे कंद व्यापारासाठी एवढ्या प्रमाणात उकरले गेले की १९९० पासून या साऱ्या प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार करारान्वये नियंत्रणाखाली आणावा लागला.

पैसे देऊन फूल घेण्यात आम्हाला दोष दिसत नाही. वर्षानुवर्षे मेहनत करणाऱ्या माळ्याला त्याचे मोल मिळालेच पाहिजे. दोष आहे तो अन्यत्र. ज्या कंदाची किंमत तो एकमेव असल्यामुळे आहे, त्याच्या मालकाला एक विचित्र इच्छा होऊ लागते. कंदाला पिल्ले फुटावीत असे त्याला वाटते, पण ती फार होऊ नयेत असेही वाटते. शेजाऱ्याच्या अंगणात तेच फूल दिसले तर त्याचे मन खट्टू होते. फूल तर पूर्वीइतकेच सुंदर आहे. मग खट्टू होण्याचे कारण काय? कारण त्याचे प्रेम फुलावर नव्हते. ते दुसऱ्याच्या नसण्यावर होते. आरंभी विचारलेल्या प्रश्नाची कसोटी आम्हाला येथे सापडते. आपल्याजवळची प्रिय वस्तू दुसऱ्याच्या घरी पाहून आपल्याला आनंद झाला, तर आपण त्या वस्तूवर प्रेम करतो. दुःख झाले, तर आपण केवळ स्वतःच्या एकमेवपणावर प्रेम करत होतो.

रानातून ओरबाडून आणण्याचे पापही याच मोहाचे. एखादे दुहेरी रोप रानात सापडले तर त्याचा छोटासा तुकडा घेऊन उरलेले तेथेच ठेवणे वेगळे आणि दुसऱ्याला सापडू नये म्हणून समूळ उपटून नेणे वेगळे. आणि बागेतही सारी जागा दुहेरी फुलांनी व्यापली, तर मधमाशी उपाशी राहील. निरुपयोगी सौंदर्याला जगात जागा असावी यावर आमचा विश्वास आहे. पण सारी जागा त्याची नव्हे. एकेरी फुलांच्या मोठ्या ताटव्यात दुहेरीचा एक कोपरा हे प्रमाण योग्य होय.

ब्रिटनमध्ये १९७८ साली बागेतील जुन्या वनस्पतींच्या जतनासाठी एक संस्था स्थापन झाली. 'प्लांट हेरिटेज' या नावाने ती आज ओळखली जाते. तिची कार्यपद्धती विचार करण्यासारखी आहे. सारे दुर्मिळ प्रकार एका भव्य उद्यानात कोंडून ठेवण्याऐवजी तिने ते शेकडो ठिकाणी विभागून दिले आहेत. कोणी एका वनस्पतीचे प्रकार आपल्या परसात सांभाळतो, कोणी दुसरीचे. कित्येक जण अगदी सामान्य गृहस्थ आहेत. प्रत्येकाने नोंद ठेवायची, नावाची पट्टी लावायची, आणि आपल्याकडचे रोप दुसऱ्याकडेही असेल याची दक्षता घ्यायची. एकाकडचे गेले तर दुसऱ्याकडून परत येते. जतनाचा याहून शहाणा मार्ग आम्हाला ठाऊक नाही.

सुज्ञ वाचकांना आम्ही दुहेरी रक्तमूळ लावा असे सांगणार नाही. ते आपल्याकडे जगणार नाही. परंतु बी नसलेल्या वस्तू आपल्याही घरांत आहेत. ज्या गोष्टी रक्ताबरोबर आपोआप उतरतात, नाकडोळे, उंची, आवाज, त्यांची काळजी करण्याचे कारण नाही. त्या एकेरी फुलासारख्या आपली वाट आपण काढतात. पण आजीच्या तोंडची लग्नातील गाणी, घरच्या बोलीतील शब्द, आजोबांना ठाऊक असलेली कलम बांधण्याची रीत, सणाच्या पक्वान्नाचे नेमके प्रमाण, या गोष्टी बीजातून उतरत नाहीत. त्या हातानेच द्याव्या लागतात, आणि देणारा हात असेपर्यंतच देता येतात. कित्येक घरांत त्या केवळ एका वृद्ध व्यक्तीपाशी उरल्या आहेत. त्या व्यक्तीला वाटते, कोणी विचारत नाही. तरुणांना वाटते, अजून वेळ आहे. दोघांच्या मध्ये तो गड्डा जमिनीत दाटत राहतो.

माळी लोक रोप देताना त्याच्याबरोबर नावाची पट्टी देतात, ते कोणाकडून आले हे सांगतात, कोणत्या महिन्यात उकरावे आणि किती सावली लागते हेही सांगतात. नुसते रोप दिले आणि एवढे सांगितले नाही, तर ते बहुधा मरते. तेव्हा आपल्याजवळ जे काही एकच उरले असेल, ते या वर्षी निदान दोन घरी पोचवावे, आणि पोचवताना पट्टी लावण्यास विसरू नये.